राजाच्या कानातली वायर

हल्ली बसमध्ये चढले की निम्म्या माणसांच्या कानात वायर असते. काहींच्या कानात तर वायरही नसते, नुसती पांढरी बी असते. माणसे खिडकीबाहेर बघून हसतात, मान डोलावतात, आपल्याला दिसत नसलेल्या कोणाला तरी उत्तर देतात. मला त्याची सवय झालेली नाही. कोणाच्या कानात वायर दिसली की ती कुठे जाते ते मी आधी बघते. खिशात, पिशवीत, मोबाइलपर्यंत जाऊन पोचली की जिवाला बरे वाटते. कारण मी एक वायर अशी पाहिली आहे, जी कुठेच पोचत नव्हती.

ती पुंडलीकमामच्या कानात होती.

मी चौथीपर्यंत शिकले, मराठी शाळेत. बोलते ते कोंकणी, लिहिते ते मराठी. बोलताना आम्ही मामाला तू म्हणतो, पण लिहायला बसले की हात आपोआप ‘ते’ लिहितो. माम माझे सख्खे मामा नव्हते. दिचोली तालुक्यातल्या आमच्या खाणीच्या गावात त्यांचे घर आमच्या घराला लागून होते, मधे एक फणस, एवढेच. मला चार माणसांत तोंड उघडता येत नसे. अजून येत नाही. मामच्या घरात मात्र मला कोणी बोलायला लावत नसे, म्हणून मी तिथे जाऊन बसायची.

माम दिचोली-पणजी बसवर कंडक्टर होते. उंच, काळे, मिशी पिळलेली, खाकी शर्टाच्या खिशात शिटी. पण शिटी त्यांनी फारशी वाजवली नाही. आवाजच असा होता की शिटीची गरज नव्हती. सकाळची पहिली बस वळणावर आली की बायका त्या आवाजावर चुलीवरचा चहा उतरवीत. “राजेंनो, भितर सरात! भायर किदें आसा?” असे ते ओरडत. आत सरका, बाहेर काय आहे? बस कितीही भरलेली असो, त्यांचे हेच. मासळीवाली पाटी घेऊन दारात अडली तरी हेच, पावसाने भिजलेली शाळेची मुले पायरीवर लोंबली तरी हेच. एकदा एक तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा आमच्याकडचा माणूस, सुटीवर आला होता. तो चिडून म्हणाला, “माम, भायर वारें आसा, भितर घाम आसा.” माम म्हणाले, “वारें दर्यार खा. हांगा घाम खा. तिकेट एकच.” सगळी बस हसली.

तोच आवाज वर्षातून एकदा राजाचा होई. आमच्या देवळाच्या जत्रेला गावचे नाटक असते. नाटक एकच, गावातल्याच एका मेलेल्या मास्तरांनी लिहिलेले. त्यात एक राजा आहे, त्याच्या राज्यात फितुरी होते, आणि शेवटी तो सिंहासन सोडून रानात निघून जातो. हा राजा माम किती वर्षे करत होते ते त्यांनाही आठवत नसेल. पोशाख त्यांचेच, मिशी त्यांचीच, फक्त दाढी चिकटवायची. राजाच्या झग्याच्या टिकल्या दरवर्षी झडत आणि मी त्या दरवर्षी शिवून देई. तालमीच्या वेळी देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत, कोपऱ्यात, मांडीवर तो जड झगा घेऊन मी बसलेली असे. त्यामुळे मला अख्खे नाटक पाठ झाले. टाके घालताना माझे ओठ हलत. मला वाटायचे, कोणाला दिसत नाही.

पहिली खूण बसमध्ये दिसली.

आमच्या गावच्या वर आंबेखोल नावाचा वाडा, म्हणजे वस्ती, होता. मी होता म्हणते, कारण खाण सरकत सरकत आली आणि तिने तो वाडा गिळला. घरे गेली, विहीर गेली, आंबे गेले. माणसांना खाली आमच्या गावात जागा दिली. वरच्या जागी आता एक मोठा खड्डा आहे आणि त्यात हिरवे पाणी आहे. रस्ता खड्ड्याच्या कडेने वळतो. तिथे बस थांबायचे काही कारण उरले नव्हते.

त्या दिवशी मी पणजीहून परत येत होते. वळण आले आणि मामनी पत्र्यावर हात मारला. बस थांबली. मामनी दार उघडले आणि ओरडले, “आंबेखोल! आंबेखोल कोण देंवता?” देंवप म्हणजे उतरणे. कोणी उतरले नाही. बाहेर खनिजाच्या ट्रकांचा लाल धुरळा होता आणि त्याच्यामागे काही नव्हते. माम दार धरून उभे राहिले. मग त्यांनी बाहेर, त्या रिकाम्या जागेला, नेहमीच्या प्रेमाने म्हटले, “भितर सरात. भायर किदें आसा?”

मागच्या बाकावरचे कोणी हसले. “माम फकाणां करता.” थट्टा करतो माम. पास्कू म्हणून ड्रायव्हर होता, मामबरोबरच म्हातारा झालेला, त्याने आरशातून मामकडे बघितले. तो हसला नाही. माझ्या शेजारी आंबेखोलची एक म्हातारी बसली होती. तिने पदराचे टोक तोंडात घातले.

घरी मी काही बोलले नाही. पण काही दिवसांनी इंदूमामीच, मामची बायको, कुंपणाजवळ आली. तिच्या हातात भाजीची परडी होती आणि ती भाजी निवडायची विसरली होती.

“शेवंते,” ती म्हणाली, “हाका कितें तरी जालां गो. काल रातीं म्हाका विचारता, तूं खंयच्या स्टॉपार चडलें?”

तू कुठल्या स्टॉपवर चढलीस, असे स्वतःच्या बायकोला! “कोणाक सांगूं नाका,” ती म्हणाली. मी कोणाला काय सांगणार होते!

ते वर्ष वाईट होते. गोवा राज्य होणार म्हणत होते, आणि राज्याची भाषा कोणती, यावरून गावेच्या गावे फाटली होती. कोणी म्हणे मराठी, कोणी म्हणे कोंकणी. रस्त्यावर झाडे तोडून टाकलेली असत, बसच्या काचा फुटत. दुकानांच्या पाट्यांना रात्रीतून डांबर फासलेले असे. आमच्या गावात देवळाकडचा वाडा मराठीवाला आणि ओहोळापलीकडचा वाडा कोंकणीवाला असे झाले होते. गंमत अशी की दोन्ही वाड्यांत लोक घरी एकच बोलत. भांडायचेसुद्धा त्याच बोलीत.

मराठीवाल्या पोरांचा पुढारी गुरुदास. खाणीवर ट्रक चालवायचा. अंगाने दांडगा, डोळे सदा लाल, धुरळ्याने की जागरणाने कोण जाणे. मामचा त्याच्यावर लहानपणापासून जीव आणि त्याचा मामवर. राजाची भाषणे ऐकून ऐकून तो मराठीवाला झाला, असे तो स्वतःच सांगे.

जत्रा जवळ आली आणि तालमी सुरू झाल्या. तालीममास्तर म्हणजे दत्तारामबाब, नाटकात तेच प्रधान. पहिल्या प्रवेशात प्रधान येतो आणि राजा विचारतो, “प्रधानजी, नगरीत हा कसला कोलाहल?” त्या दिवशी दत्तारामबाब आले, वाकले, आणि माम गप्प. मग त्यांनी चहूकडे बघितले, जसे कोणी झोपेतून उठून दुसऱ्याच्या घरात बघते तसे, आणि म्हणाले, “अरे, हांव खंय पावलों? म्हाका घरा व्हर.”

मी कुठे आलो, मला घरी ने.

सगळे हसले. मलाही आधी वाटले, थट्टा. मग मी मामचे हात बघितले. ते शर्टाचे टोक चुरगाळत होते.

गुरुदास मागे भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला. “माम, स्टेजीर मराठी. घरा जाय तें उलय.” घरी हवे ते बोल.

माम एका क्षणात जागे झाले. डोळ्यांत जुनी चमक आली. “आनी तूं म्हाका खंयचे भाशेंत तापतां रे?” ते म्हणाले. कोणत्या भाषेत रागावतोस? अग्रशाळा हशाने भरली. गुरुदासही हसला. पण जाता जाता दत्तारामबाबांना म्हणाला, आणि हे मी ऐकले, “जत्रेदिसा स्टेजीर कोंकणी आयकली जाल्यार हांव पडद्याक उजो लायतां. माम आसूं, देव आसूं.”

स्टेजवर कोंकणी ऐकली तर पडद्याला आग लावीन. ते तो ओरडून म्हणाला नाही. साध्या आवाजात, उद्या भात लावायचे आहे असे सांगावे तसे म्हणाला.

त्यानंतर प्रत्येक तालमीत मी मामकडे बघत राहिले. मास्तरांची मराठी सुटत होती. पाठ केलेले एकेक वाक्य, टिकल्या झडाव्या तसे, झडत होते. जन्माची बोली मात्र जागच्या जागी होती. एके दिवशी माझ्या लक्षात आले की अडले की माम कोपऱ्यात बघतात. माझ्याकडे. माझ्या ओठांकडे. मी दचकून ओठ मिटले तर ते पुढे बोलेनात. घरी परतताना फणसाखाली त्यांनी मला गाठले.

“बाय, तुजे ओंठ हालतात ते हालोव. म्हाका बरें पडटा.”

तेव्हा मला कळले की मामना स्वतःला ठाऊक आहे. आणि त्यांना भीती वाटते आहे.

नाटक सोडून द्या, असे मामी रडून म्हणाली. पण सोडायचे कसे? त्या वर्षी मामनी राजा केला नाही तर ओहोळापलीकडचे म्हणणार, माम आमच्याकडे आला. केला आणि स्टेजवर बोली निसटली, तरी तेच म्हणणार. ती पोरे बोलूनही दाखवत होती, कोंकणी बोलला तर मामला खांद्यावर घेऊन नाचू. एकीकडे खांदे तयार, एकीकडे काडेपेटी तयार, आणि मधे एक माणूस, ज्याला आपण कुठे आहोत तेच कळत नव्हते. मार्ग एकच होता. राजा बोलला पाहिजे, आणि मराठीच बोलला पाहिजे.

मार्ग काढला कायतानने. कायतान लाऊडस्पीकरवाला. देवळाची जत्रा, इगर्जेचे, म्हणजे चर्चचे, फेस्त, सगळीकडे त्याचेच कर्णे. मामशी त्याची जुनी दोस्ती, मामीने त्याला विश्वासात घेतले होते. एका दुपारी तो मामच्या घरी आला आणि खिशातून एक वायर काढून मेजावर ठेवली. बारीक काळी, गुंता झालेली वायर. एका टोकाला दोन फाटे आणि प्रत्येक फाट्याला रिठ्याच्या बीएवढे काळे बोंड. दुसऱ्या टोकाला चकचकीत पिन.

“म्हापशां शुक्राराच्या बाजारांत घेतलां,” तो म्हणाला. “सवाय आसा. बरें तारवटी हाडटात, तें म्हारग. हें चलता.” स्वस्त आहे, चांगले तारवटी आणतात ते महाग.

मी अशी वस्तू जवळून कधी पाहिली नव्हती. डोक्यावरून पट्टी येणारे, कानावर झाकणासारखे बसणारे पाहिले होते. हे कानाच्या आत जायचे होते. वजन म्हणून नव्हतेच, हातात काही आहे असे वाटत नव्हते. प्लास्टिक हलके, शिवण दिसणारे. एका बोंडाचे तोंड जरा तुटके.

“शेवंताबाय, घाल कानांत. चाबचें ना तें,” कायतान म्हणाला. चावणार नाही.

मी घातले. थंड आणि कडक लागले. एक लगेच बाहेर पडले, पुन्हा दाबून बसवले. बाहेरचे जग एकदम लांब गेले. मामी बोलत होती, तिचे ओठ दिसत होते, आवाज पाण्याखालून आल्यासारखा. माझा स्वतःचा श्वास मला ऐकू आला, गिळलेले थुंकसुद्धा. कायतानने पिनला एक लांब वायर जोडली आणि त्याचे टेपरेकॉर्डरचे यंत्र आणि माइक घेऊन तो मागच्या खोलीत गेला. आणि मग डाव्या कानात खरखर, उजव्या कानात एकदम त्याचा आवाज, “आयकूं येता?”

मी किंचाळले. तो आवाज कानाजवळ नव्हता. माझ्या डोक्याच्या आत कोणी तरी बसून बोलले होते. त्याला अंग नव्हते, दिशा नव्हती, श्वासाची ऊब नव्हती. पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज, पण माझ्या विचारांच्याही आधी पोचलेला. क्षणभर मला कळेना की हे त्याने म्हटले की माझ्या मनात आले. मी ते काढून मेजावर टाकले. कान दुखत होते.

मामनी उचलले. त्यांनी ते घातले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते मी विसरलेले नाही. आराम. खूप दिवस अंगावरचे ओझे कोणी उतरवून घ्यावे तसा.

“उलय, बाय,” ते म्हणाले. “तूंच उलय.”

असा माझा आवाज ठरला. दत्तारामबाबांना सांगावेच लागले. राजाच्या खुर्चीमागे महालाचा पडदा, पडद्यामागे पोशाखांच्या पेटीवर मी, हातात रुमाल गुंडाळलेला माइक. लांब वायरीला खुर्चीच्या पायाशी पिन जोडलेली, तिथून बारीक वायर वर, झग्यातून, राजाच्या केसांच्या टोपाखाली. बोंडे सारखी निसटत, म्हणून ती दाढी चिकटवायच्या गोंदाने चिकटवायची ठरली. दत्तारामबाबांनी प्रवेश बदलले. या वर्षी राजा खुर्चीवरून उठणार नाही, फक्त शेवटी रानात जाताना उठेल, आणि तेव्हा त्याला बोलायचे काहीच नाही. तालमीत लोक म्हणाले, काय रुबाब आला आहे मामला! हलतसुद्धा नाही.

मामीला मात्र ते आवडले नाही. “कानांत दुसऱ्याचो आवाज घालून मनीस बरो उरना,” ती म्हणाली.

जत्रेच्या आदल्या दिवशी तालुक्याहून निरोप आला की वातावरण बरे नाही, कार्यक्रम अंधार पडायच्या आत आटोपा. आमच्या नाटकाने कधी ऊन पाहिले नव्हते. त्या वर्षी ते दुपारी उभे राहिले. उन्हात रंग लावलेली माणसे मेल्यासारखी दिसतात. गाल पांढरे, ओठ लाल, महालाच्या पडद्यावर उन्हाचे चट्टे. आणि मला भीती एकच, वायर दिसेल.

जत्रेच्या सकाळी मामी मांडव झाडायला गेली होती. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. पुढच्या, गुरुदासच्या पोरांच्या बाकाखाली तिला एक गोणी लागली होती. तिने हात घालून बघितले. खाणीचे खडे. ओहोळापलीकडच्या पोरांच्या बाकाखालीही तशीच गोणी होती.

नाटक सुरू झाले. पडद्याच्या शिवणीतून मला थोडे दिसत होते. डावीकडे गुरुदास, हात छातीवर बांधून. उजवीकडे ती पोरे, एकमेकांना कोपराने ढोसत. मधे बायका, म्हातारी माणसे, आंबेखोलची माणसे एका घोळक्यात.

मी माइक ओठांना लावला आणि पुटपुटले, “प्रधानजी, नगरीत हा कसला कोलाहल?”

एक श्वास गेला. मग पडद्यापलीकडून तेच वाक्य आले, पण सिंहाच्या गळ्यातून. मांडवाचे कापड हलल्यासारखे वाटले. जन्मभर माझा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला नव्हता. आता मी कुजबुजत होते आणि गाव थरारत होते. पुढचे वाक्य, पुढचे वाक्य. “सिंहासन लाकडाचे आहे प्रधानजी, त्यावर बसणारा मांसाचा आहे.” टाळ्या. गुरुदासने छातीवरचे हात सोडले. त्याच्या लाल डोळ्यांत पाणी होते.

आणि भोंगा वाजला.

खाणीत सुरुंग लावायच्या आधी भोंगा वाजतो. जत्रेदिवशी खाण बंद असायची, म्हणून आमच्या कोणाच्या ध्यानात आले नव्हते. त्या वर्षी ती बंद नव्हती. रोज दुपारी ऐकतो तोच भोंगा. पण माम तो ऐकून उठले. भोंग्याच्या वेळी वळणावर बस अडवून ठेवायची, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले होते. ते राजाच्या झग्यात ताडकन उभे राहिले, एक पाऊल पुढे गेले, आणि खुर्चीच्या पायाशी टक् असा आवाज झाला. पिन निघून आली.

मी माइकमध्ये बोलतच राहिले. “प्रधानजी... प्रधानजी, हा विश्वासघात...” माझा आवाज कुठेच जात नव्हता. यंत्राचा लाल दिवा लागलेला होता आणि वायरीचे टोक झग्यामागे मेलेल्या सापासारखे फळीवर पडले होते.

सुरुंग उडाला. पायाखालची फळी थरथरली.

माम स्टेजच्या मधोमध उभे. उन्हात. समोरची माणसे त्यांना दिसत होती की नाही, माहीत नाही. दत्तारामबाब कुजबुजले, “महाराज...” माम त्यांच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. मी शिवणीतून गुरुदासला बघितले. तो सावकाश उठला. उजवीकडची पोरेही पुढे सरकली. कोणाचा तरी हात बाकाखाली गेला.

मामनी तोंड उघडले.

“आंबेखोल!” ते ओरडले. तो राजाचा आवाज नव्हता, सकाळच्या पहिल्या बसचा होता. “आंबेखोल! आंबेखोल कोण देंवता?”

कोणी हसले नाही. कोणी नाचले नाही. त्या नावाची भाषा कोणती हे कोणाला ठरवता आले नाही. माम वाट बघत राहिले, एक हात वर, जणू दाराची दांडी धरली आहे. ती शांतता वाढत गेली, आणि मला वाटले की आता पहिला खडा येतो.

मग बायकांच्या घोळक्यातून त्या म्हातारीचा आवाज आला, जी बसमध्ये माझ्या शेजारी होती. “हांव देंवतां रे पुता,” ती म्हणाली. “मात्शें राव.” थोडा थांब.

ती खरेच उठली, चार माणसांच्या पायांतून वाट काढत मांडवाबाहेर गेली. तिच्यामागे आंबेखोलचा एक म्हातारा उठला. मग आणखी एक बाई. एकेक करून ती सगळी माणसे उठून गेली, बस थांबल्यावर उतरतात तशी, कोणी मागे न बघता. माम प्रत्येकाला मान लववत होते. शेवटचे माणूस गेल्यावर त्यांनी पत्र्यावर मारतात तसा हवेत हात मारला. दत्तारामबाबांनी पडदा ओढायला सांगितले.

गोण्या जिथे होत्या तिथेच राहिल्या. पडदा जळला नाही. आम्ही ज्याला भीत होतो ते काही झाले नाही. पण त्या दुपारी सगळ्या गावाला कळले, आणि जे लपवायला एवढे केले ते लपले नाही.

संध्याकाळी गुरुदास मामच्या घरी आला. मामी पायरीवर आडवी उभी राहिली. तो तिच्या बाजूने वर आला. माम बलकांवावर, म्हणजे घराच्या पुढल्या बाकावर, बसले होते. तोंडावरचा रंग तसाच. त्यांनी गुरुदासकडे बघितले आणि हात पुढे केला.

“तिकेट?”

गुरुदासने शर्टाच्या खिशाला हात लावला. मग म्हणाला, “काडलां, माम.” तिकीट काढलेय.

“मागीर भितर सर,” माम म्हणाले. मग आत सरक.

गुरुदास जाऊन फणसाखाली बराच वेळ बसला. पुढे तो कुठल्याही मोर्चात दिसला नाही. आमच्या घरावरून जाताना ट्रक हळू करायचा, एवढेच.

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. मामनी ती वायर काढली नाही. गोंद सुटला, दाढी गेली, झगा पेटीत गेला, पण दोन काळी बोंडे कानांत तशीच राहिली. पिनचे टोक शर्टावरून खाली लोंबायचे. ते झोपले असताना मामीने काढून घेतली तर उठून घरभर शोधायचे, मेज उपडे करायचे. कानांच्या आत फोड आले. डॉक्टरने काढायला सांगितले, त्या डॉक्टरच्या हाताला माम चावले. एवढा साधा, हसरा माणूस!

ते ऐकत बसायचे. जेवण पुढ्यात, हात ताटावर, आणि मान किंचित कललेली. वाक्य येईल म्हणून. मी गेले की डोळे माझ्या ओठांवर यायचे. “मुखार, बाय? मुखार किदें?” पुढे काय? मामी सांगून सांगून थकायची, ते हलायचे नाहीत. एकदा तीच रडकुंडीला येऊन म्हणाली, “शेवंते, तूं सांग. तुजेंच आयकता तो.” मी लाजले. मग ते लोंबते टोक उचलले, माइकसारखे ओठांजवळ धरले आणि हळू म्हटले, “माम, जेव.”

माम जेवू लागले.

त्यानंतर रोज तसेच. “माम, ऊठ.” “माम, पाय धू.” “माम, न्हीद,” म्हणजे झोप. पिन माझ्या बोटांत थंड लागायची. मी बोलायचे, आणि एक श्वास जाऊन तो एवढा मोठा माणूस ते करायचा. मला त्याची भीती वाटे. मी एखाद्या दिवशी आजारी पडले, किंवा चुकून भलतेच काही बोलले, तर? रात्री कूस बदलताना मनात येई की तिकडे फणसापलीकडे ते जागे आहेत आणि माझ्याकडून पुढचे वाक्य येण्याची वाट बघत आहेत.

मग ते खड्ड्याकडे जाऊ लागले. पहाटे उठून वळणावर जाऊन उभे राहायचे, हिरव्या पाण्याकडे तोंड करून. दोनदा गुरुदासने ट्रकमधून उतरून परत आणले. मामी घाबरली. तिचा भाऊ पेडण्यात हरमलला राहतो. समुद्रावर खोल्या भाड्याने द्यायचा. तो म्हणाला, दोघेही इकडे या, इथे खड्डे नाहीत. तिथे माम काही महिने राहिले आणि तिथेच वारले. मला ते परत दिसले नाहीत. शेवटचे दिसले ते जायच्या सकाळी.

पास्कूचीच बस होती. स्टँडवर निम्मे गाव उभे होते. आधी पणजीला, तिथून हरमल. मामी सामान घेऊन आत चढली. मामना दाराजवळच्या, कंडक्टरच्या जागी बसवले, कारण ते दुसरीकडे बसेनात. नवा कंडक्टर बाजूला उभा राहिला. सगळे बसले, तरी बस निघेना. पास्कू आरशातून मामकडे बघत होता आणि माम माझ्याकडे. खिडकीतून वायरीचे टोक बाहेर लोंबत होते आणि पिन पत्र्यावर हळूहळू आपटत होती.

“बाय,” ते म्हणाले, “मुखार?”

सगळ्यांचे डोळे माझ्यावर आले. चार माणसांत मी कधी बोलले नव्हते. मी पुढे गेले, ती पिन धरली, ओठांना लावली.

“माम, बस सोड.”

एक श्वास गेला. मामनी पत्र्यावर दोनदा हात मारला. “वच रे, पास्कू! वच!” स्टँडवरची कबुतरे उडाली. पिन माझ्या बोटांतून निसटून गेली.

बस चढ चढून वर गेली. आमच्या स्टँडवरून आंबेखोलचे वळण दिसते. तिथे बस थांबली. का थांबली ते सगळ्यांना कळले. दार उघडले. लाल धुरळा वर आला आणि बस त्यात बुडाली. एवढ्या लांबूनही तो आवाज आमच्यापर्यंत आला, पहिल्या बसच्या वेळी यायचा तसाच, प्रेमाने कोणाला तरी आत बोलावणारा.

“भितर सरात. भायर किदें आसा?”

पास्कूने बस पुष्कळ वेळ उभी ठेवली. जेवढी माणसे चढायची होती, तेवढी चढेपर्यंत.